विकिपीडियावर ओळख करून देताना या चुका टाळा

मराठी विकिपीडियावर खाते उघडले की गोव्यातल्या नव्या संपादकालाही पहिल्यांदा स्वतःची ओळख लिहावीशी वाटते. पण बरेच जण ती भलत्याच जागी लिहितात. शोधपेटीत आपले नाव टाकायचे, ‘हे पान तयार करा’ म्हणायचे आणि दोन परिच्छेद जतन करायचे. असे पान लेख म्हणून धरले जाते आणि प्रचालक (पाने काढण्याचा अधिकार असलेले सदस्य) ते काढून टाकतात. ओळखीच्या पानाच्या, म्हणजे सदस्यपानाच्या, शीर्षकाआधी ‘सदस्य:’ हवे. सोपा मार्ग म्हणजे प्रवेश केल्यावर वरच्या पट्टीत दिसणाऱ्या आपल्या लाल नावावर टिचकी मारणे. लाल म्हणजे पान अजून नाही. जतन झाले की ते निळे होते.

दुसरी चूक मजकुराची. पदव्या, पुरस्कार आणि मानपत्रे वाचून इतरांना काहीच कळत नाही. तुम्ही कोणते काम हातात घेणार, हे त्यांना हवे असते. ‘गोव्याविषयी लिहीन’ हेही फार मोघम. ‘सत्तरी आणि डिचोलीतल्या गावांची नावे तपासेन, खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) आणि मानशीवर (तिथल्या पाण्याच्या दारांवर) लिहीन, फोटोही काढून देईन’ असे लिहा. गावांच्या नावांचे काम तर गोव्यातल्या माणसाशिवाय होणारच नाही. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिणारा साखळीचे ‘सॅन्क्वेलिम’ करतो, केप्याचे ‘क्वेपेम’ आणि काणकोणचे ‘कॅनाकोना’. ही नावे तुम्हाला बरोबर ठाऊक आहेत, एवढे एक वाक्य पानभर बायोडेटापेक्षा उपयोगी. येणाऱ्या भाषा बेबल चौकटीत, म्हणजे कोणती भाषा किती येते ते दाखवणाऱ्या चौकटीत टाका. तिथे ० ते ५ अशा पायऱ्या असतात आणि मातृभाषेची वेगळी खूण. बोलता येते पण लिहिता येत नाही, अशा भाषेला ४ लावू नका.

‘आमच्या घराण्यात चालत आलेला इतिहास मांडणार’ हे वाक्य ओळखीत दिसले की जुने संपादक सावध होतात, आणि ते उगाच नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली ‘बिचोलिम संघर्ष’ नावाचा लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीत युद्ध झाले, असे त्यात होते. सगळे बनावट. तरी लेखाला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि २०१२च्या डिसेंबरात तो काढला जाईपर्यंत पाच वर्षे गेली. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, हे शाळकरी पोरानेही ओळखले असते! म्हणून घरात काय ऐकले ते सांगण्यापेक्षा हाताशी कोणती छापील पुस्तके आहेत ते सांगा.

हॉटेल, पक्ष किंवा देवस्थान समितीसाठी पैसे घेऊन लिहिणार असाल तर काम देणारा कोण, ते पहिल्याच दिवशी सदस्यपानावर नोंदवा. वापरण्याच्या अटींत ते बंधनकारक आहे. समितीच्या नावाचे एक खाते चौघांनी मिळून चालवायचे, हेही चालत नाही. खाते एका माणसाचे असते.

फोन नंबर, घरचा पत्ता, मुलांची नावे लिहू नका. नंतर पुसली तरी पानाच्या ‘इतिहासा’त ती कोणालाही दिसतात, आणि तिथून लपवायला खास अधिकार असलेल्या सदस्याला विनंती करावी लागते. मराठी-कोंकणी वाद सदस्यपानावर पेटवू नये. त्याचा पुढच्या कामाला उपयोग शून्य.

आता किरकोळ बिघाड. परिच्छेद राखाडी चौकटीत अडकून एका ओळीत लांबच लांब पळतो आहे? ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सुटली आहे. ती काढा, परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ सोडा. मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात? तो जुन्या छपाईच्या फाँटमधून चिकटवलेला आहे. युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा सरळ पुन्हा टंका. चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) नमस्कार केलात आणि खाली नाव उमटले नाही, तर शेवटी सहीसाठी ~~~~ टाकायचे राहून गेले. मोबाइलच्या मराठी कळफलकावर हे चिन्ह बहुधा सापडत नाही, इंग्रजी कळफलकावर जावे लागते. ‘उत्तर द्या’ बटणातून लिहिले तर सही आपोआप पडते. मात्र स्वतःच्या सदस्यपानावर सही करायची नसते.