ग्रॅमचे मिलि, मिलिचे ग्रॅम: घनता आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटीची गणितं

फार्मसीच्या या गणितांत मार्क जातात ते सूत्र येत नाही म्हणून नव्हे. गुणायचं की भागायचं, इथे गाडी अडते. म्हणून कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी उत्तराचा अंदाज बांधा. द्रव पाण्यापेक्षा जड असेल तर मिलिचा आकडा ग्रॅमच्या आकड्यापेक्षा लहान यायला हवा, हलका असेल तर मोठा. ६० ग्रॅम ग्लिसरीन हवंय आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड) १.२५ दिली आहे: ६० ÷ १.२५ = ४८ मिलि. चुकून गुणलंत तर ७५ मिलि येतात, आणि ७५ मिलि ग्लिसरीनचं वजन ९३.७५ ग्रॅम भरतं. दीडपटीहून जास्त! उलट १०० ग्रॅम अल्कोहोल, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी ०.८१ असेल, तर १२३.५ मिलि लागेल.

घनतेला एकक आहे, ग्रॅम प्रति मिलि. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी हे दोन वजनांचं गुणोत्तर, त्यामुळे तिला एकक नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न हमखास येतो. ४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता जवळजवळ १ असते म्हणून दोन्ही आकडे सारखे दिसतात, पण २५ अंशाला ती ०.९९७० असते. रोजच्या गणितात हा फरक सोडून दिला तरी चालतं, प्रॅक्टिकलमध्ये चार दशांश लिहिताना चालत नाही.

प्रॅक्टिकलला पिक्नोमीटर वापरतात, म्हणजे बारीक भोकाच्या बुचाची काचेची बाटली, बहुधा २५ मिलिची. बाटली स्वच्छ धुऊन, अॅसिटोनने विसळून पूर्ण कोरडी करा आणि रिकामी तोला. मग ताजं उकळून थंड केलेलं पाणी २५ अंशाच्या थोडं खाली असताना काठोकाठ भरा, बूच बसवा आणि बाटली २५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. तापमान स्थिर झालं की बुचाच्या टोकावर आलेलं जादा पाणी टिपून घ्या, बाटली बाहेरून कोरडी पुसा, लगेच तोला. हेच नमुन्यावर करा.

समजा रिकामी बाटली २१.३४२० ग्रॅम, पाण्यासकट ४६.१०३० आणि नमुन्यासकट ४९.८१७२ ग्रॅम आली. पाणी २४.७६१०, नमुना २८.४७५२. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी = २८.४७५२ ÷ २४.७६१० = १.१५००. वेट पर मिलि, म्हणजे एका मिलिचं वजन, काढायला आधी बाटलीचं खरं आकारमान हवं. २५ अंशाला हवेत तोललेल्या एक लिटर पाण्याचं वजन ९९६.०२ ग्रॅम भरतं (हवा वर उचलून धरते म्हणून घनतेच्या आकड्यापेक्षा किंचित कमी), म्हणून २४.७६१० ÷ ०.९९६०२ = २४.८६ मिलि. आता २८.४७५२ ÷ २४.८६ = १.१४५४ ग्रॅम प्रति मिलि. बाटलीवर छापलेल्या २५ ने भागलं असतं तर १.१३९० आलं असतं. चार दशांशांचा तराजू वापरून दुसऱ्याच दशांशाला चूक!

पुण्यात एप्रिल-मेमध्ये लॅबचं तापमान ३५ च्या पुढे जातं. बाथमधून काढलेली बाटली तराजूपर्यंत नेताना द्रव फुगतो आणि बुचावर थेंब येतो. २५ अंशाला पातळी ठरल्यानंतर आलेला हा थेंब पुसू नका, तो वजनातलाच आहे. बाटली मुठीत धरलीत तरी हेच होतं, म्हणून मानेला धरा, टिश्यू पेपर लावून. पावसाळ्यात उलटी अडचण: बाटली गार करून आणली असेल तर बाहेरून दव धरतं आणि वजन वाढतं. ग्लिसरीन किंवा सिरप भरताना कडेने हळू ओता आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. २५ मिलिमध्ये ०.१ मिलिचा बुडबुडा राहिला तरी ०.४ टक्के चूक होते, म्हणजे १.१५० चं १.१४५.

आता अॅसिड. तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या बाटलीवर ३६ टक्के आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.१८ असे दोन आकडे असतील, तर दोन्ही वापरायचे. हे टक्के वजनात वजन आहेत, म्हणजे १०० ग्रॅम अॅसिडमध्ये ३६ ग्रॅम एचसीएल. एक लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यात एचसीएल ४२४.८ ग्रॅम, भागिले ३६.४६ (एचसीएलच्या एका मोलचं वजन), म्हणजे ११.६५ मोलर, लिटरमागे ११.६५ मोल. एक लिटर ०.१ मोलरसाठी ३.६४६ ग्रॅम एचसीएल हवं: ३.६४६ ÷ ०.४२४८ = ८.५८ मिलि. प्रॅक्टिकलला ८.५ मिलि घेतात ते इथून आलं. द्रावण पुढे स्टँडर्डाइझ करायचंच असतं, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासून ठरवायचीच असते. १.१८ विसरलात तर १०.१ मिलि येतं, टक्के विसरलात तर ३.१. अॅसिड पाण्यात घाला, पाणी अॅसिडमध्ये नाही.

सिम्पल सिरप आयपीमध्ये (आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांचा अधिकृत मानक ग्रंथ) साखर ६६.७ टक्के, तीही वजनात वजन. ६६७ ग्रॅम साखर घेऊन मेजरिंग सिलिंडरमध्ये १००० मिलिपर्यंत पाणी भरणं, ही पहिल्या सेमिस्टरची ठरलेली चूक. तसं केलं की सिरप पातळ होतं आणि त्यात बुरशी धरू शकते. १००० ग्रॅम करायचंय, मिलि नाही. ४५० मिलि हवं असेल आणि वेट पर मिलि १.३२ धरलं, तर वजन ५९४ ग्रॅम, साखर ३९६.२, पाणी १९७.८ ग्रॅम. बीकरचं वजन आधी टिपून ठेवा, कारण तापवताना उडालेलं पाणी शेवटी वजन करूनच भरून काढायचं आहे.

अॅलिगेशनमध्ये, म्हणजे दोन द्रव किती प्रमाणात मिसळायचे ते हव्या आकड्यापासूनच्या फरकांवरून काढण्याच्या रीतीत, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी वापरली की येणारे भाग आकारमानाचे असतात, वजनाचे नव्हेत. १.२५ चं ग्लिसरीन आणि १.०० चं पाणी मिसळून १.१० हवं: ग्लिसरीन ०.१० भाग, पाणी ०.१५ भाग, म्हणजे २:३. ५०० मिलिला २०० आणि ३००. ताळा: २५० + ३०० = ५५० ग्रॅम, भागिले ५०० = १.१०. यात दोन्ही द्रवांची आकारमानं सरळ मिळवली आहेत. ग्लिसरीनला हे बऱ्यापैकी लागू पडतं, अल्कोहोलला नाही: ५० मिलि अल्कोहोल आणि ५० मिलि पाणी मिसळलं की १०० नव्हे, साधारण ९६ ते ९७ मिलि भरतं. म्हणून अल्कोहोल पातळ करताना पाण्याचा हिशेब मांडू नका. लागेल तेवढं अल्कोहोल मोजून फ्लास्कमध्ये घ्या, थोडं पाणी घालून हलवा, गरम झालेलं मिश्रण गार होऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत पाणी भरा.