गरोदरपणातली शुगर आणि इंदूरचा नाश्ता: प्रोटीन कसं बसवायचं

शुगर निघाली की घरात दोन सल्ले सुरू होतात: ‘गोड बंद कर’ आणि ‘दोन जिवांचं खा’. दुसरा तर सरळ कानाआड करावा. पहिला बरोबर, पण अपुरा. जिलबी गेली तरी पोह्यांची बशी राहतेच.

आधी मोजणी, घरच्या ग्लुकोमीटरवर (आकडे mg/dL मध्ये). डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले नसतील तर उपाशीपोटी ९५ च्या खाली, खाल्ल्यावर एका तासाने १४० च्या खाली. तास पहिल्या घासापासून धरायचा. हात धुऊन कोरडे करा. फळाचा रस लागलेल्या बोटावर मीटर भलताच आकडा दाखवतो.

दुपार-रात्रीचं सोपं आहे: आधी भाजी आणि घट्ट वरण किंवा उसळ, मग दोन लहान पोळ्या, सोबत दही. जेवणानंतर १५ मिनिटं चाला.

घोळ होतो तो सकाळी. पहाटे शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे शुगर वाढवणारं संप्रेरक, वाढलेलं असतं, त्यात वारेच्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून दुपारी जेवढी पोळी पचते, तेवढेच पोहे सकाळी १६०-१७० दाखवू शकतात. ४० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं आणि प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम. ‘वरून शेव आहे ना, बेसनाचीच’ हे ऐकू नका. मूठभर शेवेतून तेल-मीठच जास्त जातं. चमचाभर शेंगदाण्यांनीही भागत नाही.

सकाळी १५ ते २० ग्रॅम प्रोटीन धरा. ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटली की दोन धिरडी होतात, त्यातून १२ ग्रॅम मिळतं. आत ५० ग्रॅम पनीर किसलं की आणखी ९. अंडी चालत असतील तर दोन पूर्ण उकडलेली, १२ ग्रॅम. पोह्यांशिवाय चालतच नसेल तर इंदुरी उसळ-पोहे उलटे करा: मोठी वाटी घट्ट मटकीची उसळ, वर मूठभर पोहे. पातळ रश्शात मटकी शोधावी लागते, तो नको. सोबत पनीर किंवा अंडं लागेलच. आधी उसळ संपवा, मग पोहे.

दूध, केळं, ज्यूस नाश्त्याला नको. दूध ‘प्रोटीनचं’ खरं, पण पेलाभर दुधात १० ग्रॅम साखर, लॅक्टोजची, असतेच. ते संध्याकाळी घ्या. डब्यातली प्रोटीन पावडर आणली तर मागचं लेबल वाचा, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखीच शुगर चढवणारी स्टार्चची पूड) दिसलं तर परत ठेवा. एका वेळी एकच पदार्थ बदला आणि तोच नाश्ता दोन दिवस मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी नको, तो निव्वळ स्टार्च. राजगिऱ्याची लहान भाकरी, दही आणि पनीर घ्या. निर्जळी उपास तर करूच नका.

उपाशीपोटीचा आकडा वारंवार ९५ च्या वर येत असेल तर जेवण कापत बसू नका. उपाशी राहिल्याने कीटोन, म्हणजे शरीरातली चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात. शुगरच्या आकड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे बहुधा औषध किंवा इन्सुलिन लागतं, आणि सुरू झालं की ते मनाने बंद करायचं नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधीच विचारा.