ऑपरेशननंतर वजन किती उतरलं, हे डॉक्टरांना नेमकं कसं कळवावं

मावशीचं बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन मुंबईला झालं, राहणं भुसावळला. फोनवर डॉक्टरांनी वजन विचारलं की ती कधी घरच्या काट्यावरचं सांगायची, कधी मेडिकलच्या. त्यातून कुणाला काहीच कळत नव्हतं. म्हणून मी वही घातली.

काटा एकच ठेवा, सपाट फरशीवर. सतरंजीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर नको. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा. रोज करू नका. अंगातल्या पाण्यानं आकडा वरखाली होतो आणि माणूस उगाच खचतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात एका दिवसात किलोभर उतरलं, तर ती चरबी नव्हे, घाम आहे.

वहीच्या पहिल्या पानावर उंची, ऑपरेशनच्या दिवशीचं वजन आणि त्याआधीचं सर्वांत जास्त वजन लिहा. खरा घोळ इथेच होतो. मावशीची उंची 160 सेंटीमीटर, ऑपरेशनच्या दिवशी वजन 120 किलो, त्याआधी 126. सहा महिन्यांनी 90 झालं. 120 पासून मोजलं तर 30 किलो उतरलं, म्हणजे 25 टक्के. 126 पासून धरलं तर 36 किलो, जवळपास 28.6 टक्के. दोन्ही खरं, पण कुठून मोजलं ते सांगितलंच पाहिजे.

डॉक्टर 'जादा वजनाचे टक्के'ही काढतात. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 धरला तर या उंचीला 64 किलो येतात. म्हणजे 120 मधले 56 किलो जादा. त्यातले 30 गेले, म्हणजे सुमारे 54 टक्के. हा आकडा मोठा दिसतो, म्हणून शेजारणीनं एकूण वजनावर काढलेल्या 25 टक्क्यांशी त्याची तुलना करू नका.

कळवताना तारीख, वजन, ऑपरेशनला किती महिने झाले, टक्के आणि ते कोणत्या वजनापासून काढले, एवढं एका मेसेजमध्ये लिहा. सोबत उलट्या, चक्कर, साखरेच्या गोळ्या, व्हिटॅमिन चालू आहे का, हेही. उलट्या थांबत नसतील, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर वजनाचा वार येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. बी-1 जीवनसत्त्व कमी पडल्यानं असं होऊ शकतं.

मध्येच काही आठवडे काटा हलत नाही. तेही लिहा, लपवू नका. साधारण एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली येतं. त्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल करा. पुढे वजन परत चढलं, तर किती चढलं ते तिथूनही मोजतात.