छापायला फाइल देताय? या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरत नाही. आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा तोंडावर असते. होम मैदानावर स्टॉल लावणाऱ्यांची हँडबिलं, संक्रांतीची शुभेच्छापत्रं, मंडळांची पावती पुस्तकं आणि लग्नपत्रिका, सगळं एकदम येतं. प्रत्येक फाइलमागे एकच निरोप असतो, "डिझाइन फायनल आहे, फक्त प्रिंट मारा." हे वाक्य ऐकलं की मी आधी चहा सांगतो आणि मग फाइल उघडतो.

ऑफसेटच्या छापखान्यात, म्हणजे जिथे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट करून छापतात तिथे, फाइल तपासून प्लेटला पाठवणं हे माझं काम. तिथे बसून कळलेली गोष्ट अशी की डिझाइन वाईट असल्यामुळे काम फारसं अडत नाही. मोबाइलवर बनवायचं, मोबाइलवर बघायचं, मोबाइलवरच ओके म्हणायचं आणि कागद हातात आल्यावर पहिल्यांदा नीट बघायचं, यानं काम अडतं.

पोस्ट चौकोनी, हँडबिल ए४

सगळ्यात जास्त येणारी फाइल म्हणजे इन्स्टाग्रामसाठी केलेली पोस्ट. १०८० बाय १०८० पिक्सेल. ऑफसेटला फोटो ३०० डीपीआय लागतो, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. १०८० ला ३०० नं भागा, ३.६ इंच येतात. एवढ्या आकारात ती पोस्ट सुरेख छापून येईल. पण मालकाला ए४ हँडबिल हवं असतं आणि तो कागद आहे ८.२७ इंच रुंद. तिथे ठिपके उरतात इंचाला १३०. साडीचा काठ, दागिन्यांचा खडा, माणसाचे डोळे, सगळं पुसट होतं. ए४ पूर्ण भरायचा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल पाहिजेत.

"फोटोशॉपमध्ये ३०० करून देतो की," असं हमखास ऐकायला मिळतं. तिथे आकडा बदलतो, नवा तपशील येत नाही. आमटीत पाणी ओतलं तर वाट्या वाढतात, डाळ तेवढीच राहते. मूळ कॅमेऱ्यातला फोटो मागवा आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीतून गेलेला फोटो ते ॲप आवळून लहान करतं. लोगोचं तर विचारूच नका, वेबसाइटवरून स्क्रीनशॉट काढून देतात. ज्यानं लोगो बनवला त्याच्याकडून कोरल ड्रॉची, इलस्ट्रेटरची किंवा पीडीएफ अशी व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, एकदा घेऊन ठेवली की पुढची दहा वर्षं डोक्याला ताप नाही.

फ्लेक्सचं गणित मात्र उलटं. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स लोक लांबून बघतात, त्याला ७२ डीपीआय भरपूर झाले. तिथेही ३०० चा हट्ट धरून फाइल इतकी जड करतात की उघडता उघडता आमचा कॉम्प्युटर मान टाकतो.

निळा जांभळा का होतो

एप्रिल महिन्यातली तक्रार. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचं पोस्टर एका मंडळानं दुसरीकडे छापून घेतलं होतं, ते घेऊन पोरं आमच्याकडे आली. स्क्रीनवर झगझगीत निळा आणि कागदावर वांग्याचा रंग. "काय बे हे, निळा दिला तर जांभळा कसा आला?" त्यांचा राग रास्त होता, पण मशीनची चूक नव्हती. फाइलमध्ये निळा भरला होता सायन (आकाशी शाई) १०० टक्के आणि मजेंटा (गडद गुलाबी शाई) १०० टक्के. कोरलच्या नेहमीच्या पट्टीतला 'ब्लू' असाच असतो. दोन्ही शाई सारख्या पडल्या की कागदावर जांभळाच दिसणार. मजेंटा सायनपेक्षा निदान ३० नं कमी ठेवा. १०० आणि ६० ते ७० केलं की खरा निळा येतो. त्याच पोरांचं पुढच्या वर्षीचं पोस्टर आमच्याकडे झालं आणि मी सगळ्यात आधी हा आकडा बघितला.

स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशानं रंग दाखवते, त्याला आरजीबी म्हणतात. छपाई सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाईंनी होते, ज्याला आपण सीएमवायके म्हणतो. प्रकाशातले काही रंग शाईत उतरतच नाहीत. पोपटी, चमकता केशरी, रेडियमसारखा गुलाबी, हे चार शाईंत मळकट येतात. म्हणून डिझाइन सुरू करतानाच फाइल सीएमवायके ठेवा. शेवटी बदललीत तर रंग बसलेला डोळ्यांना दिसतो आणि मग फार वाईट वाटतं. भगव्यासाठी पिवळा १०० आणि मजेंटा ६० च्या आसपास ठेवला तर फसगत होत नाही.

आणखी एक गोष्ट लग्नपत्रिकेवाल्यांसाठी. ऑफसेटमध्ये नेहमीच्या चार शाईंत पांढरी शाई नसते. फाइलमधला पांढरा म्हणजे कोरा कागद. सोनेरी चमकीच्या कागदावर नवरा-नवरीचा फोटो छापला तर दोघांचे दात आणि नवरदेवाचा सदरा सोनेरीच येणार. तिथे फोटो टाळा, किंवा पांढऱ्यासाठी स्क्रीन प्रिंटिंगचं वेगळं काम धरा.

अक्षरं फुटतात ती इथे

हा भाग सोलापुरात जरा जास्तच नाजूक आहे, कारण आमच्याकडे एका पत्रिकेवर मराठी असते, मागे तेलुगू किंवा कन्नड असते आणि कधी कधी तिन्ही असतात.

आधी मराठीचं बघू. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला देवनागरी असला तरी आतून इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे फाइल उघडली की पत्रिकेची मंत्रावली होते. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो त्या पद्धतीत, हा त्रास नाही, पण दुसरा आहे. सॉफ्टवेअरला देवनागरी जोडता आली पाहिजे. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये योग्य पर्याय निवडला नसेल तर पत्रिकेची पहिलीच ओळ 'श्री सिद्‌धेश्‌वर प्रसन्न' अशी पाय मोडून पडते आणि ह्रस्व वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारते. इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय शोधा.

मग बारीक नजरेनं तीन जागा बघा. पहिली म्हणजे 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी' यांतला चंद्रकोरीसारखा र. फाँटमध्ये तो नसेल तर 'दुसर्या' होतं आणि वाचणारा अडखळतो. दुसरी म्हणजे ल आणि श. हिंदीसाठी केलेल्या फाँटमध्ये दांड्याचा ल येतो. आपल्या डोळ्याला पाकळीचा ल आणि देठाचा श सवयीचा आहे. छापून आल्यावर चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण पत्रिका परकी वाटते. तिसरी जागा अनुस्वार. छोट्या आकारात, त्यातून गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील, तर अनुस्वार आणि मात्रा शाईत बुडतात. अशी उलटी अक्षरं ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि बारीक रेघांचा फाँट तिथे वापरू नका.

तेलुगू आणि कन्नड लिपी न वाचणाऱ्याला लांबून सारख्याच दिसतात. एकदा आमच्याच टेबलावर कन्नड मजकुराला तेलुगू फाँट लागला आणि सगळीकडे चौकोन आले. चौकोन आले ते बरं झालं, निदान दिसले. खरी भीती असते एखादी खूण गळून नाव बदलण्याची. आमच्यापैकी कुणालाही ती लिपी नीट वाचता येत नाही. म्हणून कागदावर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, काढतो आणि सांगतो, घरी न्या, ज्यांना वाचता येतं त्या आजोबांना मोठ्यानं वाचायला लावा, मग सही करून आणा. आजोबा नातेवाइकांच्या नावांचा क्रमही बदलायला लावतात, पण ते प्रूफवर परवडतं.

हे सगळं झालं की अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे ती चित्र होतात आणि कुठेही फुटत नाहीत. पण कर्व्ह न केलेली एक प्रत वेगळी ठेवा. एकदा रात्री अकराला फोन आला, मुहूर्त १२.३५ नाही, १२.५३ आहे. आमच्याकडे फक्त कर्व्ह केलेली फाइल होती. मग ३ आणि ५ ची आकृती कापून त्यांची अदलाबदल केली. अर्ध्या तासाचं काम आणि जीव टांगणीला. तिथे ७ हवा असता तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

काळा, कटिंग आणि पानं

बारीक अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा, के (काळा) १०० टक्के. चार शाईंचा केलात तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला लाल-निळी सावली येते. एकरंगी बिलबुकाची फाइल आरजीबीत आली तर एका प्लेटच्या जागी चार निघतात आणि बिल बघून गिऱ्हाईक भांडायला येतं. ॲक्रोबॅट प्रोमध्ये 'आउटपुट प्रिव्ह्यू' उघडून एकेक शाई बंद करून बघितली की लगेच कळतं. पांढऱ्या अक्षरांवर चुकून ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायचा पर्याय, लागलं असेल तर ती छपाईत गायब होतात, तेही तिथेच दिसतं.

कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जास्तीचा रंग, सोडा आणि मजकूर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत घ्या. कटिंग मशीनवर पाचशे कागदांचा गठ्ठा असतो, एक-दोन कागद तसूभर हलतातच. व्हिजिटिंग कार्डाला अगदी कडेनं बारीक चौकट देणं हा माझ्या मते हट्ट आहे. एका बाजूला ती जाड दिसणार, दुसऱ्या बाजूला बारीक.

स्मरणिका मधोमध पिन मारून करायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. २२ पानांचा मजकूर घेऊन येतात, मग दोन पानांसाठी धावत जाऊन जाहिराती गोळा करतात. दोन घड्या घालून तीन भाग केलेल्या ए४ माहितीपत्रकात आत दुमडणारं पान दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा, नाहीतर घडी फुगते.

शेंगा चटणीचं लेबल

घरगुती चटणीवाल्या ताई लेबल घेऊन येतात तेव्हा मी दोन गोष्टी विचारतो. पाकीट कुठे सील होणार? त्या पट्टीवर मजकूर गेला की तो दाबला जातो. आणि लॅमिनेशन आहे का? शेंगा चटणीला तेल सुटतं. उघड्या कागदाचं लेबल तेल पितं आणि आठवड्यात पारदर्शक होतं. कापायच्या आकाराची रेघ, म्हणजे डाय, वेगळ्या लेयरवर ठेवून आम्हाला सांगा, नाहीतर तीही छापली जाते. क्यूआर कोड एकट्या काळ्या शाईत, पांढऱ्यावर, निदान दोन सेंटिमीटरचा, भोवती मोकळी जागा सोडून टाका आणि प्रूफवर स्वतःच्या मोबाइलनं स्कॅन करून बघा.

पाठवताना

छपाईसाठीची पीडीएफ, म्हणजे पीडीएफ/एक्स-१ए किंवा एक्स-४ द्या, सोबत एक जेपीजी द्या, म्हणजे तुमच्याकडे कसं दिसतं ते आम्हाला कळेल. आणि फाइलला नाव द्या. मागच्या सीझनला एकाच पत्रिकेच्या तीन फाइली आल्या, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरी फायनल'. तिन्ही उघडल्या, तिन्हीत कार्यालयाचा पत्ता वेगळा. फोन करून विचारलं, यातली कुठली घेऊ? पलीकडून निवांत उत्तर आलं, "अण्णा, त्यातली बरोबर असलेली छापा की."