वरच्या मेकफाइलमधली सेटिंग खाली पोचत नसेल तर

वरच्या फोल्डरमधल्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) सीफ्लॅग्ज, म्हणजे सी कंपायलरच्या फ्लॅग्जचं व्हेरिएबल, बदललं, तरी सबफोल्डरमधलं बिल्ड जुन्याच फ्लॅगनी होतंय? अंदाज बांधत बसू नका. ग्नू मेकमध्ये (मेकफाइल चालवणारा प्रोग्राम) ओरिजिन नावाचं फार कामाचं फंक्शन आहे; व्हेरिएबलची व्हॅल्यू कुठून आली ते सांगतं. खालच्या, म्हणजे सबफोल्डरमधल्या, मेकफाइलच्या शेवटी इन्फो (मजकूर छापणारं फंक्शन) वापरून सीफ्लॅग्जची व्हॅल्यू आणि ओरिजिन दोन्ही छापून बघा.

'अनडिफाइन्ड' आलं, तर व्हेरिएबल खाली पोचलेलंच नाही. वरच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट (व्हेरिएबल खाली पाठवायची सूचना) लिहायचं राहिलंय. 'फाइल' आलं, तर खालच्याच मेकफाइलनं व्हॅल्यू ठरवलीय. एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल एन्व्हायरन्मेंटमधून (प्रोग्रामला सुरू होताना बाहेरून मिळणारी व्हेरिएबल्स) येतं, आणि फाइलमधलं साधं '=' त्याच्यावर मात करतं. तिथं '?=' लिहा, म्हणजे आधी काही आलेलं नसेल तरच ती ओळ लागू होईल.

कमांड लाइनवर दिलेली व्हॅल्यू मात्र मेकफ्लॅग्ज या मेकच्या स्वतःच्या व्हेरिएबलमधून आपोआप खाली जाते आणि फाइलमधल्या '='लाही दाबते. म्हणूनच हातानं दिल्यावर सगळं चालतं आणि एरवी अडतं.

मेकच्या '-ई' ऑप्शननंही काम भागतं, पण तो टाळाच: त्यानं एन्व्हायरन्मेंटमधली बाकीची व्हेरिएबल्सही मेकफाइलवर कुरघोडी करतात.