दोन कॉम्प्युटरवर पासवर्डची एकच तिजोरी, गिट वापरून

आमच्या बेळगावच्या सीमाभागात एका घराला लॉगिन किती लागतात बघा, दाखल्याला कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलचं, महाराष्ट्रात चंदगडकडं वाटणीचं शेत असलं की डिजिटल सातबाऱ्याचं, वर बँक, गॅस, पोरांची शाळा. आमच्यात हे सगळं कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं लिहिलेलं असायचं. आता माझा एक कॉम्प्युटर टिळकवाडीत दुकानात आणि एक खानापुरात घरी आहे, आणि दोन्हीकडं एकच यादी ठेवायला मी कीपासएक्ससी (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा प्रोग्रॅम) आणि गिट (फाइलीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) वापरतोय. दोन्ही फुकट आहेत.

आधी कीपासएक्ससीत नवीन डेटाबेस, म्हणजे तिजोरी करा, ती उघडायचा मास्टर पासवर्ड चार-पाच शब्दांचा लांब ठेवा. डॉट केडीबीएक्स अशी एक फाइल तयार होते, ती कुलूपबंदच असते. ती एका फोल्डरात ठेवून तिथं गिट इनिट (गिट चालू करणं), गिट ॲड (फाइल निवडणं), गिट कमिट (बदलाची नोंद करणं) करा, मग गिटहब या गिटची फोल्डरं ठेवायच्या साइटवर प्रायव्हेट रिपॉझिटरी (फक्त आपल्याला दिसणारं फोल्डर) काढून गिट पुश, म्हणजे नोंद तिथं चढवणं. २०२१ पासून गिटहब पुश करताना साधा पासवर्ड घेत नाही, टोकन (साइटवरून काढायचा लांब कोड) किंवा एसएसएच की (कॉम्प्युटरवर ठेवायची चावीची फाइल) लागते, पासवर्ड साइटवर लॉगिन करायला लागतो. तिजोरीला मास्टर पासवर्डबरोबर लागणारी जादा की-फाइल केली असेल तर ती या फोल्डरात अजिबात टाकू नका, पेनड्राइव्हवर वेगळी न्या. आणि गिटहबचाच पासवर्ड फक्त तिजोरीत ठेवलात तर नव्या कॉम्प्युटरवर तिजोरीपर्यंत पोचणार कसे, म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवा.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर गिट क्लोन, म्हणजे गिटहबवरून अख्खं फोल्डर उतरवणं. पुढं रोजचं एवढंच, उघडायच्या आधी गिट पुल (गिटहबवरचे नवे बदल उतरवणं), बदल केला की सेव्ह, कमिट, पुश.

खरी गोची इथंच होते. पावसाळ्यात एकदा दुकानात लाइट गेली, पुश राहिलं, आणि मी रात्री घरी येऊन दुसरंच एक लॉगिन घातलं. सकाळी दुकानात पुल केलं तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन्हीकडच्या बदलांची टक्कर. गिटला अक्षरांच्या फाइली ओळीओळीनं जोडता येतात, पण कुलूपबंद फाइलीत त्याला काहीच दिसत नाही, मी घाईत एक फाइल ठेवली न् दुसरी सोडली, आईच्या पेन्शनचा नवा पासवर्ड गेला.

म्हणून असं झालं की पहिल्यांदा आपली फाइल दुसऱ्या नावानं फोल्डरच्या बाहेर कॉपी करा, कॉपी झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग गिट फेच आणि गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/मेन, यानं फोल्डरातली आपली फाइल जाऊन गिटहबवरची येते. आता आलेली फाइल कीपासएक्ससीत उघडा, डेटाबेस मेनूत मर्ज फ्रॉम डेटाबेस आहे, त्यात ती कॉपी निवडा. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र होतात, एकाच नोंदीत दोन्हीकडं बदल असला तर नंतरचा राहतो न् आधीचा त्या नोंदीच्या हिस्ट्रीत जातो. सेव्ह करून कमिट, पुश.

अजून एक, मास्टर पासवर्ड बदलला तरी गिटच्या जुन्या कमिटमधली फाइल जुन्याच पासवर्डनं उघडते. तो कुणाला कळलाय असं वाटलं तर आतले पासवर्डही एकेक करून बदलावे लागतात, बँकेपासून सुरुवात करा.