रेड इअर्ड स्लायडर कासवासाठी फिल्टरवाला टँक कसा लावायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, हे सगळं रेड इअर्ड स्लायडरबद्दल आहे, म्हणजे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. आपली देशी कासवं, स्टार कासव वगैरे, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, दुकानदार कितीही "चालतं हो" म्हणाला तरी घेऊ नका.

पिल्लासोबत तो मधे प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेला डबा देतात ना, तो घेऊच नका. स्लायडरची मादी मोठी झाली की जेवणाच्या ताटाएवढी होते, १० ते १२ इंच, नर जरा लहान, आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं जगतं. त्यामुळे टँक मोठ्या कासवाच्या हिशोबानेच घ्यायचा. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी धरा. ४ बाय २ बाय २ फुटाचा टँक वरून सहा इंच रिकामा ठेवला तरी (ठेवावाच लागतो, नाहीतर स्वारी चढून बाहेर) ३४० लिटर पाणी बसतं, म्हणजे साधारण साडेआठ इंचाच्या कासवापुरतं, पूर्ण वाढलेल्या मादीला याहून मोठा लागेल. नुसतं पाणीच ३४० किलो, वर काच आणि स्टँड वेगळं. टेबलावर किंवा बाहेर काढलेल्या गॅलरीत हे ठेवायचं नाही, भिंतीलगत लोखंडी स्टँड, त्यावर प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट आणि मग टँक.

आता फिल्टर, आणि इथेच सगळे पैसे वाचवायला जातात. पाणी खराब झालं की मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, आपल्याला कळतं. कासव फुफ्फुसाने श्वास घेतं, त्यामुळे ते घाण पाण्यातही आठवडेच्या आठवडे काढतं आणि मग एक दिवस डोळे सुजतात, कवचाला इन्फेक्शन होतं. त्यात खाणं आणि शी माशापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून बॉक्सवर "इतक्या लिटरच्या टँकसाठी" लिहिलेलं असतं ते माशांसाठी समजा, आणि आपल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. ३४० लिटरला ७०० ते १००० लिटरवाला. छोटे आत बुडवायचे फिल्टर पिल्लापुरते ठीक, पुढे बाहेर ठेवायचा कॅनिस्टरच (पाइपने टँकला जोडलेला बंद डब्यासारखा फिल्टर) लागतो.

कॅनिस्टर टँकच्या खाली ठेवायचा, कारण पाणी त्यात आपोआप उतरतं आणि मोटर ते परत वर ढकलते. बहुतेक मॉडेलमध्ये पाणी खालून वर जातं, मग सगळ्यात खाली जाड स्पंज, त्यावर बारीक स्पंज, त्यावर सिरॅमिक रिंग्ज. रिंग्ज आधी धुऊन घ्या, पांढरी भुकटी निघते. झाकण लावताना रबराची रिंग बोटाने गोल फिरून चेक करा, वाळूचा एक कण अडकला तरी गळती. पहिला दिवस कॅनिस्टर रिकाम्या टबात ठेवून चालवा, गळलंच तर टबात दिसेल. चालू करण्याआधी वरचं बटण दाबून पाइप पाण्याने पूर्ण भरू द्या, गुडगुड आवाज थांबला की स्विच ऑन. पाणी ओढणारा पाइप एका टोकाला, सोडणारा दुसऱ्या टोकाला, म्हणजे कोपऱ्यात घाण साचत नाही. आणि वायर बोर्डाच्या खाली लोंबकळती ठेवून मग वर घ्या, म्हणजे थेंब वायरवरून आले तरी खालीच पडतील, सॉकेटमध्ये नाही.

फिल्टर लावला म्हणजे लगेच पाणी शुद्ध होत नाही हं. रिंग्जवर बॅक्टेरिया वाढावे लागतात, ते शीतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं कमी घातक नायट्रेट करतात, याला ४ ते ६ आठवडे जातात. तोपर्यंत टेस्ट किटने अमोनिया बघत राहा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकूनच ओता. नंतर स्पंज धुवायचा तोसुद्धा टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली धरला तर क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि सगळं पहिल्यापासून.

तळाला बारीक खडे टाकू नका, कासव गिळतं आणि पोटात अडकतात. एकतर तळ मोकळा ठेवा नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. अंग पूर्ण सुकवता येईल अशी कोरडी जागा हवीच, त्यावर ३०-३२ डिग्री गरम करणारा बल्ब आणि सोबत यूव्हीबी लाइट (उन्हात असतात तसे अतिनील किरण देणारा). खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यूव्हीबीच्या जागी चालत नाही, काच ते अडवते. पाणी २४ ते २७ डिग्री ठीक, पुणे-नाशिकच्या थंडीत जाळीवाला हीटर लागतो.

लाइट जास्त वेळ गेली, चार-पाच तास वगैरे, तर आल्यावर कॅनिस्टर तसाच चालू होऊ देऊ नका, आधी स्विच बंद करा. बंद डब्यात ऑक्सिजन संपून आतलं पाणी सडतं, झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास येतो, ते पाणी थेट टँकमध्ये गेलं तर कासवाला त्रास. आतलं पाणी फेका, स्पंज टँकच्याच पाण्यात खंगाळा, मग चालू करा. हे काम किचनच्या सिंकमध्ये करायचं नाही, कासवांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, बाथरूममध्ये करा आणि नंतर साबणाने हात धुवा, घरात लहान मुलं असतील तर त्यांचेही.